आमची वाटचाल: दूध संस्थेच्या संगणकावरून गायब झालेली फाइल

२०१४ साली कोल्हापुरात दोन खोल्यांत आम्ही काम सुरू केलं. गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर: काट्यावरचं वजन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) थेट संगणकात, त्यावरून दर आणि दहा दिवसांचं बिल. सुरुवातीच्या अडचणी सगळ्यांना असतात तशाच. मला सांगायचंय ते एका सकाळचं.

सव्वासहाला भुदरगडकडच्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन. "साहेब, तुमचा आयकॉनच गेलाय. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी हायत." रात्री अँटीव्हायरस अपडेट झाला होता आणि त्यानं आमची फाइल ट्रोजन, म्हणजे साधा प्रोग्रॅम असल्याचं सोंग घेणारा व्हायरस, समजून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडून ठेवायच्या जागी, टाकली होती. त्या दिवशी दूध वहीवर घेतलं गेलं. दुपारपर्यंत आणखी अकरा संस्थांचे फोन आले.

तेव्हा आम्ही सगळ्यांना एकच सांगितलं: अँटीव्हायरस बंद करा. ती आमची मोठी चूक. एका संस्थेत तो बंदच राहिला आणि पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला. फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट! बॅकअप होता म्हणून शेतकऱ्यांची बिलं वाचली. तो सल्ला आम्ही पुन्हा कधीच दिला नाही.

मग मुळाशी गेलो. अँटीव्हायरस फक्त माहितीतले व्हायरस शोधत नाही. फाइल दिसते कशी, वागते कशी, यावरूनही अंदाज बांधतो. आमची फाइल यूपीएक्स या फाइल दाबणाऱ्या साधनानं लहान केलेली. व्हायरस लिहिणारेही कोड लपवायला तेच वापरतात. शिवाय ती आपणहून नेटवरून नवी आवृत्ती उतरवून चालवायची. आणि जी गोष्ट आम्हाला ग्राहकसेवा वाटायची तीच सर्वांत घातक ठरली: प्रत्येक संस्थेचं नाव आत घालून आम्ही वेगळी फाइल बनवत होतो. एक अक्षर बदललं तरी फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, बदलतो. म्हणजे जितक्या संस्था तितक्या अनोळखी फाइली, आणि अनेक संगणकांवर बिनधोक चालल्यानं अँटीव्हायरसकडे जी पत जमते, ती एकीचीही जमत नव्हती.

आता फाइल सगळ्यांना एकच, संस्थेचं नाव वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये. दाबणं बंद केलं. आकार वाढला, चालतंय. कोड सायनिंग सर्टिफिकेट घेतलं, म्हणजे फाइल आमचीच आहे हे दाखवणारी डिजिटल सही करायची सोय. आमच्याएवढ्या फर्मला तो खर्च जाणवतो. जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली, म्हणजे सही करायची गुप्त डिजिटल चावी, हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे ते यूएसबी टोकन आमच्या तिजोरीत असतं. सही केली की लगेच सगळं सुरळीत होतं असं नाही. नव्या सर्टिफिकेटलाही विंडोजचं स्मार्टस्क्रीन, म्हणजे अनोळखी फाइल उघडताना इशारा देणारी सोय, काही काळ अडवतं. पण एकदा पत जमली की ती पुढच्या आवृत्तीला उपयोगी पडते.

नवी आवृत्ती आधी व्हायरसटोटलवर, म्हणजे एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देणाऱ्या वेबसाइटवर, तपासतो. तिथे टाकलेली फाइल इतरांनाही मिळू शकते, म्हणून संस्थेचा डेटा तिथे कधीच जात नाही. कुठल्या अँटीव्हायरसनं लाल खूण दाखवली तर त्या कंपनीच्या फॉल्स पॉझिटिव्हच्या (चांगली फाइल चुकून व्हायरस ठरल्याच्या) फॉर्मवर फाइल पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. बिलाच्या दिवशी काही पाठवत नाही. बिलं वाटून झाली की पहिली आवृत्ती भुदरगडच्या त्याच संस्थेत जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्यातला एकजण फोनजवळ बसलेला असतो.