पोट सांभाळत धावलेली मुंबई मॅरेथॉन

पूर्ण मॅरेथॉनच्या, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीचा विषय निघाला की बोलणे पायांवर, दमावर आणि बुटांवर येते. माझी खरी तयारी पोटाची होती. मला बऱ्याच वर्षांपासून आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आहे. तपासण्यांमध्ये आतड्यात कोणताही बिघाड दिसत नाही, तरीही पोटात कळा येतात, गुबारा धरतो आणि कधीकधी अशी घाईची लागते की पुढचा विचारच सुचत नाही. घरात, कार्यालयात हे कसेबसे निभावता येते; पहाटेच्या रस्त्यावर, घरापासून दहा किलोमीटर दूर असताना ते निभावणे फार कठीण असते. म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण धावणाऱ्या कितीतरी जणांना, विशेषतः स्त्रियांना, हा त्रास असतो आणि संकोचापोटी त्याविषयी कोणी बोलत नाही.

सराव सुरू करण्यापूर्वी मी परळच्या एका पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरांना भेटले. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही आहे का, हे त्यांनी आधी खोदून खोदून विचारले, कारण अशी लक्षणे असतील तर त्यांना आयबीएस म्हणून सोडून देता येत नाही. तसे काही नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी धावायला परवानगी दिली आणि धावताना पोट का बिघडते तेही समजावून सांगितले. धावताना रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळते, त्यामुळे आतड्यांचा रक्तपुरवठा निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. त्यात पावलागणिक बसणारे हिसके, मुंबईच्या दमट हवेत वाहून जाणारा घाम आणि शर्यतीची धास्ती यांची भर पडते. निरोगी माणसाचे पोटही अशा वेळी कुरकुरते. माझे आतडे मुळातच हळवे. धावण्याआधी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय अनेकांना असते. ती आतड्याच्या अस्तराला अधिक इजा करते, म्हणून ती घ्यायची नाही, असे त्यांनी बजावले.

त्यानंतर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवडे मी लो फॉडमॅप आहार घेतला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत, लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि मोठ्या आतड्यात आंबून वायू धरणाऱ्या काही शर्करा थोड्या काळापुरत्या बंद करतात आणि नंतर एकेक पदार्थ परत सुरू करून बघतात. आमच्या घरात याचा अर्थ कांदा, लसूण, पोळी, उसळी आणि दूध बंद असा झाला. कांदा नाही म्हणजे स्वयंपाक कशाचा करायचा, हा सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त होता. मात्र लसणातील त्रासदायक घटक पाण्यात विरघळतो, तेलात नाही, हे कळल्यावर त्यांनीच उपाय शोधला. पाकळ्या ठेचून तेलात तांबूस होईपर्यंत परतायच्या, झाऱ्याने निथळून बाजूला काढायच्या आणि त्याच तेलात भाजी फोडणीला टाकायची. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात, पोळीऐवजी तांदळाची भाकरी, असे आमचे ताट हळूहळू बसत गेले.

धावताना काय घ्यायचे, हा प्रश्न त्याहून किचकट होता. एनर्जी जेल मला मानवत नव्हती. त्यातली दाट साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि फ्रुक्टोज जास्त असेल तर मला अर्ध्या तासात कळ येते. ओआरएस पोटाला सोसते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्याच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज अवघे १३.५ ग्रॅम असते. त्याने पाणी आणि क्षार भरून निघतात, इतके तास धावण्याची ऊर्जा मिळत नाही. म्हणून ओआरएसचे घोट, मीठ लावलेले उकडलेल्या बटाट्याचे लहान तुकडे आणि पाण्यात पातळ कालवलेली ग्लुकोज पावडर, एवढ्यावर मी आले. हेही एकदम जमले नाही. रविवारच्या लांब धावांमध्ये आधी थोडे, मग जरा जास्त, असे वाढवत नेले. अशा सरावाने आतडे खरोखरच अधिक साखर शोषायला शिकते, हे मला फार दिलासा देणारे वाटले.

स्वच्छतागृहांचा प्रश्न मात्र आहाराने सुटणारा नव्हता. दादरहून मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन परत येण्याच्या मार्गावर पहाटे कोणते स्वच्छतागृह उघडे असते, कुठे पाणी असते, कुठे आतून कडी लागते, हे मी एकेक करून पाहून ठेवले. कित्येक ठिकाणी पुरुषांची बाजू उघडी आणि बायकांच्या बाजूला कुलूप असे. मला याचा संताप येई आणि आजही येतो. वरळीच्या बाजूला एका स्वच्छतागृहाची देखभाल करणाऱ्या बाईंनी माझी अडचण न सांगता ओळखली. “ताई, रविवारी मी पाचलाच उघडते, तुम्ही बिनधास्त या,” असे त्या म्हणाल्या आणि तेव्हापासून त्या रस्त्यावर धावताना माझी निम्मी भीती कमी झाली. कमरेच्या पट्ट्यात टिश्यू, कागदी साबण आणि सुटे पैसे मी कायमचे ठेवले.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांतीच्या पाठोपाठ. पावटा, हरभरा, वांगी घातलेली भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, गुळपोळी हे सारे नेमके शर्यतीच्या आठवड्यात समोर येते. भोगीला मी नैवेद्यापुरती चव घेतली आणि शेवटचे दोन दिवस चोथा कमी असलेले अन्न खाल्ले: मऊ भात, तूप-मीठ, बटाटा, अंडे. हळदीकुंकवाला गेल्यावर तिळगूळ पर्समध्ये ठेवला, तर कोणी आग्रह केला नाही.

शर्यतीच्या दिवशी अडीचला उठून भाताची दाट पेज घेतली, चहा-कॉफी टाळली आणि पोट साफ व्हायला पुरेसा वेळ ठेवला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटे पाचच्या सुमारास धाव सुरू झाली. मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी हा भाग मी ठरवून सावकाश केला, कारण वेग वाढला की माझे पोट आधी बोलते. वांद्रे-वरळी सागरी सेतू सुमारे ५.६ किलोमीटरचा आहे आणि त्यावर मनात येईल तेव्हा बाजूला होता येत नाही. म्हणून तो लागण्याआधी गरज नसतानाही मी फिरत्या शौचालयाच्या रांगेत उभी राहिले. त्यात गेलेल्या मिनिटांची मला अजिबात खंत नाही.

कळ आली ती माहीमला. बेंबीखालून पिळवटत उजवीकडे गेली. मी लगेच चालू लागले, ग्लुकोजचे पाणी थांबवले, श्वास लांब केला आणि पुढच्या फिरत्या शौचालयात गेले. बाहेर आले तेव्हा पोट मोकळे होते, पण पाय थरथरत होते. शिवाजी पार्कजवळ यजमान ओआरएसची बाटली घेऊन उभे होते. घर तिथून पाच मिनिटांवर.

“घरी येतेस का? बघ, अजून बरंच अंतर आहे.”

“नको. चालत जाईन, पण जाईन.”

खरोखरच बराच वेळ मी चालले. दर थोड्या अंतराने ओआरएसचा एकच घोट घेत होते, कारण तहानेपोटी गटागटा प्यायले की ते पोटात डुचमळत राहते. वरळी नाका ओलांडल्यावर पुन्हा धावू लागले. पेडर रोडच्या चढावर सोसायट्यांमधली माणसे संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, चिक्की घेऊन उभी असतात. एका लहान मुलाच्या तळहातावर चिक्कीचा तुकडा होता, गूळ पाघळून त्याच्या बोटांना चिकटलेला. तो नाकारताना मला फार वाईट वाटले. मी त्याच्या दुसऱ्या हातावर टाळी दिली आणि पुढे गेले. सरावात न खाल्लेले काहीही शर्यतीत तोंडात घालायचे नाही, हा नियम मी तिथेही मोडला नाही.

पाच तासांहून अधिक वेळ लागला, पण शर्यत पूर्ण झाली. दिवसभर पोट नाजूक राहिले. नुसते पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातले सोडियम घटू शकते, म्हणून संध्याकाळपर्यंत ओआरएस, ताकाऐवजी भाताची निवळ आणि रात्री मुगाच्या डाळीची पातळ खिचडी घेतली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे सगळी नोंद नेली आणि बंद केलेले उरलेले पदार्थ एकेक करून परत सुरू केले. पोळी आता रोज चालते, शिजलेला कांदा थोडा चालतो, दह्याचा त्रास होत नाही. लसूण मात्र अजूनही फक्त तेलापुरताच आहे.