तुम्ही विचारलंत म्हणून: बर्गसाँला रिलेटिव्हिटी कळलीच नव्हती का?

बर्गसाँ म्हणजे काळावर लिहिणारा फ्रेंच तत्त्वज्ञ, आणि रिलेटिव्हिटी म्हणजे वेगानुसार घड्याळं कमी-जास्त चालतात असं सांगणारी आइनस्टाइनची थिअरी. फ्रेंच तत्त्वज्ञानाचा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो, आणि मागोमाग दुसरा, की मग तत्त्वज्ञांनी सायन्समध्ये नाक खुपसावंच कशाला. दरवेळी घाईघाईत काहीतरी सांगते, आज नीट लिहिते.

६ एप्रिल १९२२, पॅरिस. तत्त्वज्ञांच्या सभेत आइनस्टाइन आलेला, समोर बर्गसाँ. मी ऐकायला आलोय असं बर्गसाँ म्हणाला, तरी आग्रहामुळे बोलला आणि आपल्याला जाणवणाऱ्या काळाबद्दल बराच वेळ बोलला. आइनस्टाइनचं उत्तर मात्र अगदी थोडक्यात, की तत्त्वज्ञांचा असा वेगळा काळ नसतोच. हे वाक्य इतकं गाजलं की निकाल तिथेच लागला असं सगळे धरून चालतात.

पण बर्गसाँ अडाणी नव्हता हो, शाळेत असताना त्यानं गणिताचं मोठं बक्षीस मिळवलं होतं, रिलेटिव्हिटीचं गणितही त्यानं बारकाईनं अभ्यासलं होतं. त्याचा मुद्दा समजायला ग्लासभर पाणी घ्या, त्यात साखर टाका आणि बघत बसा. ती विरघळेपर्यंत थांबावंच लागतं, आणि ते थांबणं, मनातली ती चुळबुळ, घड्याळाच्या आकड्यात येत नाही. हे त्यानं १९०७ मध्येच लिहिलं होतं आणि मला ते आजही शंभर टक्के पटतं.

तो चुकला ते दुसरीकडे. लाँजव्हँ या फ्रेंच फिजिसिस्टनं १९११ मध्ये एक उदाहरण दिलं होतं, प्रचंड वेगानं अंतराळात जाऊन परत आलेला माणूस, त्याची दोन वर्षं होतात आणि पृथ्वीवर दोनशे. बर्गसाँ म्हणाला हा फरक कागदावरचा, माणूस परत आला की दोन्ही घड्याळं जुळणार. नाही जुळत! १९७१ मध्ये अणुघड्याळं विमानातून पृथ्वीभोवती फिरवली तर जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा पूर्वेकडे गेलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) मागे पडली, पश्चिमेकडची २७३ पुढे गेली. म्हणजे चूक होतीच, ती झाकण्यात अर्थ नाही, पण ती एका ठरावीक ठिकाणी होती, अख्ख्या माणसाला त्यासाठी मोडीत काढू नका.

आणि सगळेच तत्त्वज्ञ रिलेटिव्हिटीच्या विरोधात होते हेही खरं नाही. फ्रान्समधल्या बार-स्युर-ओब नावाच्या छोट्या गावात फिजिक्स-केमिस्ट्री शिकवणारा तत्त्वज्ञ बाशलार, आधी पोस्टात नोकरी केलेला, त्यानं १९२९ मध्ये रिलेटिव्हिटीवर पुस्तक लिहिलं आणि म्हणाला की या थिअरीमुळे विचार करायची आपली पद्धतच बदलायला हवी. त्याच्याबद्दल मला कुणीच विचारत नाही, विचारा ना कधीतरी.