३० किमीची रंगीत तालीम, आणि पहिल्या ५ किमीनी केलेला घोळ

रविवारी ३० किमीची रेस पळाले. चिप टाइम (स्टार्ट लाइन ओलांडल्यापासून फिनिशपर्यंतचा माझा वेळ) ३ तास ४ मिनिटं १५ सेकंद. ग्रुपवर अभिनंदनाचे भरपूर मेसेज आले, सगळ्यांचे मनापासून आभार, पण खरं सांगू का, मी खूश नाहीये आणि का नाहीये ते आत्ताच लिहून ठेवायचंय, कारण मॅरेथॉनला चारच आठवडे उरलेत आणि तोपर्यंत हे सगळं विसरायला होईल.

प्लॅन साधा होता. मॅरेथॉनचं टार्गेट ४ तास १५ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण ६:०३ (६ मिनिटं ३ सेकंद) चा पेस. रेसमध्ये पहिले १० किमी ६:३० ने आरामात जायचं, मग उरलेले २० किमी ६:०३ धरायचा, टोटल ३ तास ६ मिनिटं. मला ही रेस रंगीत तालीम म्हणून हवी होती, तेच शूज, पळताना खायचं तेच एनर्जी जेल, तीच पहाटेची वेळ, आणि मुख्य म्हणजे दमलेल्या पायांवर मॅरेथॉनचा पेस टिकतो का ते बघायचं होतं. आता कागदावर बघितलं तर मी प्लॅनपेक्षा पावणेदोन मिनिटं आधीच पोचले, मग रडतेस कशाला असं एकाने विचारलंच. स्प्लिट (टप्प्याटप्प्याचे टाइम) बघा म्हणजे कळेल.

पहिले ५ किमी २९ मिनिटांत. म्हणजे ५:४८!! पुढचे ५ पण ५:५५ ने. १० ते २० बरोबर ६:०३, तिथे मला वाटलं आपण आता सेट झालो. २० ते २५ मध्ये ६:१२ आणि शेवटचे ५ किमी ६:५० ने, पायांत जीव नाही, मांड्या दगडासारख्या. जिथे मॅरेथॉनचा पेस धरायची प्रॅक्टिस करायची होती नेमका तिथेच तो हातातून सुटला.

सुरुवातीला काय झालं ते आठवतंय मला. गर्दी, म्युझिक, दोन आठवडे मायलेज (आठवड्याचे पळायचे किमी) कमी केल्यामुळे ताजे पाय, आणि आजूबाजूचे सगळे पुढे चाललेले. ५:४८ अजिबात कठीण वाटत नव्हतं, हीच तर अडचण आहे, पहिल्या तासात कुठलाच पेस कठीण वाटत नाही. पण जेवढं जोरात पळू तेवढा शरीर ग्लायकोजेनचा (साठवलेल्या कार्बचा) वाटा वाढवतं, आणि तो साठा मोजकाच असतो, साधारण २००० कॅलरीच्या आसपास. फॅट पुष्कळ असतं पण त्यातून एनर्जी हळू मिळते. मॅरेथॉनमध्ये ३० च्या पुढे जी वॉल लागते (एकदम जीव संपल्यासारखं होतं) म्हणतात तिचं मोठं कारण हेच. मी सुरुवातीच्या १० किमीत प्लॅनपेक्षा साडेसहा मिनिटं कमावली आणि त्याची किंमत पुढे मोजली, आणि इथे रेस ३० ला संपली म्हणून निभावलं, अजून १२ किमी असते तर काय झालं असतं ह्याचा विचार करून रविवारी रात्री झोप लागली नाही.

केनियाचा मॅरेथॉन रनर केल्विन किपटमचा २०२३ चा शिकागोचा वर्ल्ड रेकॉर्ड, २:००:३५, त्यात पहिला हाफ ६०:४८ आणि दुसरा ५९:४७ होता. दुसरा हाफ जास्त फास्ट! फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अपघातात गेला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, फक्त २४ वर्षांचा. त्याच्या लेव्हलशी आपला काही संबंध नाही, पण हात राखून सुरुवात करायची शिस्त आपल्यालाही जमू शकते, तिला वर्ल्ड क्लास फुफ्फुसं लागत नाहीत.

दुसरा घोळ घड्याळाचा. फिनिशला घड्याळाने ३०.३४ किमी दाखवले. आधी मला पण वाटायचं की रूट चुकीचा मोजलाय, पण तसं नसतं. सर्टिफाइड रूट कॅलिब्रेट केलेल्या सायकलने मोजतात, तो पण वळणांवर सगळ्यात छोट्या लाइनने, आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जास्तच धरतात. आपण गर्दीतून नागमोडी पळतो, वळणं बाहेरून घेतो, वर जीपीएसची चूक वेगळीच. म्हणजे घड्याळ ६:०३ म्हणतं तेव्हा रूटवरच्या किलोमीटरच्या बोर्डाप्रमाणे मी ६:०७ नेच चाललेली असते (वरचे स्प्लिट रूटवरच्या टायमिंग मॅटचे आहेत, घड्याळाचे नाहीत). मॅरेथॉनला हाच फरक जवळजवळ ४८० मीटर होईल, म्हणजे तीन मिनिटं! ऑटो लॅप (घड्याळ स्वतःच्या मोजणीने प्रत्येक किलोमीटरचा टाइम दाखवतं ते) बंद केलाय, आता प्रत्येक किलोमीटरच्या बोर्डला स्वतः बटण दाबणार आणि वळणं आतून घेणार.

जेल दर ४० मिनिटांनी घ्यायचं ठरलं होतं. पहिली दोन नीट झाली, तिसऱ्याच्या वेळी पाण्याच्या स्टेशनवर झुंबड होती म्हणून पुढच्या स्टेशनला घेऊ म्हटलं आणि पुढे इतकी मळमळ होती की घेतलंच नाही. एका जेलमध्ये जेमतेम २५ ग्रॅम कार्ब असतात, तासाला ३० ते ६० हवेत, त्यात एक चुकलं की हिशोब बसतच नाही. मळमळीचं कारणही मीच, तहान नसताना प्रत्येक टेबलवर दोन-दोन ग्लास पाणी पीत होते. फार पाणी पिऊन रक्तातलं सोडियम कमी होणं हे खरंच धोकादायक असतं, त्यामुळे आता तहानेप्रमाणेच पिणार. आणि जेल टेबलच्या २०० मीटर आधीच तोंडात, मग पाणी.

शूज छान. मोजे नवीन घातले होते, करंगळीला फोड, विषय संपला.

आता टार्गेटचं. रीगेलचा फॉर्म्युला आहे, एका अंतराच्या टाइमवरून दुसऱ्याचा अंदाज काढायचा, अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा आणि टाइमला गुणायचं. ३० वरून ४२.१९५ साठी गुणक येतो १.४३६ च्या जवळपास. माझे १८४ मिनिटं घातले की ४ तास २४ मिनिटं येतात. आणि हा फॉर्म्युला पूर्ण जोर लावलेल्या रेससाठी असतो, मी नको असताना नेमका तोच लावून बसले, त्यामुळे आकडा बऱ्यापैकी खरा मानायला हवा. नीट पेस केला असता तर दोन-तीन मिनिटं कमी आली असती कदाचित, पण त्या कदाचितवर ४२ किमीचा डाव लावायची माझी तयारी नाही.

दोन दिवस मनात चाललं होतं, ४:१५ साठी पाच महिने पहाटे उठले मी, तो आकडा सोडताना वाईट वाटतंच. पण काल रात्री प्लॅन बदलला. ४:२५, म्हणजे ६:१७ चा पेस, आणि पहिले ५ किमी ६:३० च्या आत अजिबात नाही, कोणी कितीही पुढे जाऊ दे. ३२ ला पाय शिल्लक असले तर तिथून बघू.

आज पहिल्यांदा बाहेर पडले, २५ मिनिटं अगदी सावकाश. डावी पिंढरी अजून आखडलेली आहे, ह्या आठवड्यात एवढंच करणार. पुढच्या रविवारी २४ किमी, त्यातले शेवटचे १० ६:१७ ने, आणि मग टेपर (रेसआधी पळणं कमी करत जाणं).