कोरडा भुस्सा : प्राणीगृहातील विलगीकरणाचा माझा अनुभव

पशुसंवर्धनाची पदविका घेतल्यानंतरची पहिली सहा वर्षे मी आटपाडी आणि जत या तालुक्यांत काढली. खिलार बैलांचे खूर, म्हशींची अडलेली वेते, माडग्याळ मेंढ्यांचे जंत, हे माझे रोजचे काम होते. त्या कामात जनावराच्या मालकाचा फार मोठा आधार असतो. जनावर कधीपासून रवंथ करीत नाही, शेण कसे टाकते, हे तो आपण गोठ्यात पाऊल टाकण्याआधीच सांगू लागतो. सांगलीजवळच्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणीगृहात मी तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो तेव्हा हा आधार सुटला, आणि तो सुटल्याचे माझ्या लक्षात येईपर्यंत एका पिंजऱ्यातील तीन उंदरांना दोन दिवस पाण्यावाचून काढावे लागले. हे काम नव्याने हाती घेणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडेल म्हणून तो प्रसंग मी जसा घडला तसा लिहीत आहे.

मधुमेहावरील एका वनस्पतिजन्य अर्काचा अभ्यास आमच्याकडे सुरू व्हायचा होता. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आणि त्याखालील १९९८ चे नियम यांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय असा एकही प्रयोग करता येत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या, पूर्वी सीपीसीएसईए आणि आता सीसीएसईए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय समितीचे प्रतिनिधी या समितीत बसतात. शिवाय विज्ञानक्षेत्राबाहेरचा, समाजाचे भान असणारा एक सदस्यही असतो. मंजुरीसाठीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, भरताना प्राण्यांची संख्या लिहावी लागते आणि तेवढेच का, हेही पटवून द्यावे लागते. प्रत्येक गटात सहा, असे सहा गट मिळून आम्हाला छत्तीस विस्टार जातीचे, प्रयोगशाळेत वापरले जाणारे पांढरे उंदीर मंजूर झाले. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी एक म्हणजे प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवणे, हे मी प्रशिक्षणात पाठ केले होते. त्या छत्तीस या आकड्याचा खरा भार मात्र मला नंतर कळला.

एप्रिल महिना असल्याने उंदीर पुण्याच्या बाजूच्या नोंदणीकृत पैदासकाराकडून रात्रीच्या प्रवासाने आणायचे ठरले होते. खंबाटकी घाट उतरून, पेठ नाक्यावरून वळून गाडी पहाटे सांगलीत पोहोचली. खोक्यांत पाण्याऐवजी काकडीचे तुकडे ठेवलेले होते. एकेक उंदीर खांद्यामागून संपूर्ण तळव्याने आधार देऊन उचलायचा, डोळे, नाक, दात, पंजे आणि शेपटीखालची जागा पाहायची, वजन करायचे, शेपटीवर शाईने खूण करायची आणि वहीत नोंद करायची, यात सकाळ गेली. एकूण बारा पिंजरे झाले, प्रत्येकात तीन. सात नंबरच्या पिंजऱ्यातील सर्वांत मोठा नर १८४ ग्रॅमचा होता आणि तो माझ्या हातात अजिबात धडपडला नव्हता, हे मला स्पष्ट आठवते.

नव्याने आलेल्या उंदरांना किमान एक आठवडा वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. बाहेरून आलेला आजार जुन्या प्राण्यांपर्यंत जाऊ नये, हे त्याचे एक कारण. प्रवासाचा ताण उतरून प्राणी नव्या जागेला, नव्या वासांना आणि नव्या हातांना रुळावा, हे दुसरे. तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के आणि बारा तास उजेड, बारा तास अंधार, हे सगळे मी काटेकोर सांभाळत होतो. दुपारी वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे. खोलीची एवढी काळजी घेणारा मी प्राण्याकडे मात्र नीट पाहत नव्हतो. उंदीर हा निशाचर आहे. आपण सकाळी आत जातो तेव्हा ते एकमेकांच्या अंगावर झोपलेले असतात, आणि निरोगी उंदीर व आजारी उंदीर झोपेत जवळजवळ सारखेच दिसतात. त्यातून हा शिकार होणारा प्राणी. दुखणे शेवटपर्यंत लपवणे हा त्याचा स्वभाव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रत्येक पिंजऱ्यावरची पाण्याची बाटली पाहिली. सात नंबरची बाटली काठोकाठ भरलेली होती. मी वहीत ‘पाणी : आहे’ या रकान्यात बरोबरची खूण केली. प्रवासाने दमलेत, म्हणून कमी पितात, असा समजही करून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या बाटल्या भरल्या आणि सात नंबरची भरलेलीच आहे म्हणून पुढे गेलो. गोठ्यात गेल्यावर माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असायचा : वैरण खाती का, पाणी पिती का? इथे मी पाणी आहे एवढेच पाहिले. ते पोटात जाते का, हे पाहिले नाही.

त्याच दुपारी पिंजऱ्यात अंथरलेले भाताचे तूस, म्हणजे भुस्सा, बदलण्याची पाळी होती. आमच्याकडे बरीच वर्षे काम करणाऱ्या मावशी पिंजरे रिकामे करीत होत्या. त्यांनी सात नंबरच्या ट्रेमधून मूठभर तूस उचलले, चोळून पाहिले आणि माझ्यासमोर धरले.

“सर, ह्येचा भुस्सा कोरडाच हाय की. मुतल्यातच न्हाईत ही.”

मी हात लावला. शेजारच्या पिंजऱ्यांचे तूस दमट होते, त्याला अमोनियाचा उग्र वास होता. हे मात्र पोत्यातून नुकतेच काढल्यासारखे खडखडीत होते. वर जाळीत ठेवलेल्या खाद्याच्या गोळ्याही फारशा कमी झाल्या नव्हत्या, कारण पाणी न मिळालेला उंदीर कोरडे खाद्य खात नाही. मी त्या मोठ्या नराला उचलले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती जागेवर जायला वेळ घेत होती, केस पिंजारलेले होते आणि डोळ्यांच्या कडांना लालसर कड आली होती. ते रक्त नसते, ताणाखाली असलेल्या उंदराच्या अश्रुस्रावातील रंगद्रव्य असते, हे मला माहीत होते. तरीही पोटात गोळा आला. वजन १६१ ग्रॅम भरले.

बाटली काढून नळी तळहातावर टेकवली, दाबली, हलवली. एक थेंबही आला नाही. नळीच्या टोकाला पोलादी गोळी असते आणि उंदराने जिभेने ती मागे ढकलली की पाणी येते. आमच्या बाटल्यांत भरायचे पाणी शुद्ध केलेले असले तरी त्या धुतल्या जात होत्या बोअरच्या पाण्याने, आणि त्यातल्या क्षारांनी ती गोळी जागेवरच धरून ठेवली होती.

महाविद्यालयाचे पशुवैद्य तासाभरात आले. त्यांच्या सूचनेप्रमाणे तिघांनाही त्वचेखाली कोमट सलाईन दिले, पाण्यात भिजवून मऊ केलेल्या गोळ्या उथळ वाटीत ठेवल्या आणि दुसरी, तपासलेली बाटली लावली. मोठा नर त्या नळीला तोंड लावून इतका वेळ पीत राहिला की ती गोळी खटखटत असल्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. मी त्या रात्री तिथेच थांबलो. पहाटेपर्यंत तिन्ही उंदीर हिंडू-फिरू लागले होते आणि चार दिवसांत वजनेही पूर्ववत झाली.

पण अभ्यासासाठी ते उरले नाहीत. शरीरातील पाणी इतके कमी झाल्यावर रक्तातील साखर आणि मूत्रपिंडाचे काम यांवर परिणाम होतो, आणि हा तर मधुमेहाचाच अभ्यास होता. म्हणजे छत्तीसचे तेहतीस झाले आणि माझ्या चुकीसाठी आणखी तीन प्राणी मागावे लागणार होते. समितीला लिहायचे पत्र मी तीनदा फाडले. शेवटी तारीखवार, वजनांसह, वहीतील चुकीच्या खुणांच्या छायाप्रतीसह सगळे लिहिले. सभेत विज्ञानाबाहेरच्या सदस्यांनी मला एकच प्रश्न विचारला : “तहान लागली आहे हे कळायला दोन दिवस का लागले?” मी वहीतला रकाना दाखवला. त्यात फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायची सोय होती. समितीने तीन प्राण्यांना मंजुरी दिली आणि रकाना बदलण्यास सांगितले.

आता रोज संध्याकाळी प्रत्येक बाटलीवर पाण्याच्या पातळीची रेघ ओढली जाते. १०० ग्रॅम वजनाचा उंदीर दिवसाला साधारण १० ते १२ मिलिलिटर पाणी पितो, त्यामुळे तिघांच्या पिंजऱ्यातील बाटली सकाळी किती उतरलेली असायला हवी हे आधीच ठाऊक असते, आणि न उतरलेल्या बाटलीवर तांबडी चिकटपट्टी लावली जाते. नळ्या महिन्यातून एकदा पातळ सायट्रिक आम्लात भिजवून भरपूर पाण्याने धुतो. पिंजऱ्यावर चढवण्याआधी प्रत्येक बाटली तळहातावर उलटी धरून थेंब येतो का ते पाहतो. बारा बाटल्यांना यासाठी दहा मिनिटेही लागत नाहीत. विलगीकरणातील वजने मी आता पहिल्या आणि सातव्या दिवसाऐवजी रोज घेतो. उंदरांना वारंवार हाताळू नये असे काही जणांचे म्हणणे असते, परंतु शांतपणे उचलले तर ते तिसऱ्या दिवशी स्वतःहून हातावर येतात, असा माझा अनुभव आहे.

वहीत मी आणखी एक रकाना आखला आहे : ‘भुस्सा : ओला / कोरडा’. तो मावशी भरतात आणि त्याखाली सही त्यांचीच असते.