दुसरी गाडी

आमच्या जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या मंडळाच्या मेळ्याला नियम एकच. ज्या गाडीमुळे गाव तुम्हाला ओळखतं ती घरी ठेवायची आणि दुसरी घेऊन यायचं. दुसरी म्हणजे कुठलीही. स्कूटर, ट्रॅक्टर, सायकल, छकडा, काहीही चालतं. फक्त ती आपल्या घरातली हवी आणि तिच्याबद्दल दोन वाक्यं सांगता आली पाहिजेत.

दिवाळीच्या सुट्टीतला एक रविवार, टिळकवाडीतल्या एका शाळेचं पटांगण, सकाळचे साडेसात. बेळगावात तेव्हा थंडी पडायला लागलेली असते. पटांगणाच्या कोपऱ्यात पोरांनी केलेला मातीचा किल्ला अजून उभा असतो, त्याच्या पायथ्याशी पेरलेले अळीव हिरवेगार झालेले असतात, आणि गेटातून एकेक टू-स्ट्रोक गाडी आत येताना मागे निळा धूर सोडत येते. त्या वासाने मला अजूनही सुट्टी लागल्यासारखं वाटतं.

पहिली तीन वर्षं मेळा असा नव्हता. तेव्हा प्रत्येक जण आपली मानाची गाडीच आणायचा. कुणाची अँबॅसिडर, कुणाची जुनी मर्सिडीज, माझी प्रीमियर पद्मिनी. सगळ्या मेण लावून लख्ख पुसलेल्या. माणसंही आपापल्या बॉनेटजवळ उभी. "लिटरला किती देते?" "रंग मूळचाच का?" एवढ्यावर बोलणं थांबायचं. दहा वाजता पोहे खाऊन सगळे घरी.

चौथ्या वर्षी आदल्या रात्री पाऊस झोडपून गेला. आमच्यातल्या एका डॉक्टरांकडे डुक्कर फियाट आहे. पन्नासच्या दशकातली, पुढची दारं उलटी उघडणारी. तिच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे इंजिनला ठिणगी वाटून देणाऱ्या भागात, ओल गेली आणि ती काही केल्या लागेना. डॉक्टर शेवटी आईची लूना काढून आले. मडगार्डवर चिखल, सीटला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. आल्या आल्या माफीच मागायला लागले. पण पाच मिनिटांत सगळं पटांगण त्या लूनाभोवती गोळा झालं. मर्सिडीजजवळ कोणी उरलं नाही.

कारण लूनाबद्दल प्रत्येकाकडे काहीतरी सांगण्यासारखं होतं. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांनी ही ५० सीसीची गाडी बाजारात आणली आणि ज्यांना स्कूटर परवडत नव्हती अशा घरांत पहिल्यांदा इंजिन आलं. पेडल मारून चालू करायची, चढ लागला की पुन्हा पेडल मारून तिला हातभार लावायचा. डॉक्टरांची आई नर्स होती. हिंडलगा, कंग्राळी, सुळगा या बाजूंना बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री बोलावणं आलं की ती एकटी निघायची.

पुढच्या वर्षी आम्ही त्या आईंनाच बोलावलं. पंचाहत्तरीच्या आसपासच्या, इरकल साडी नेसलेल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. लूनाच्या हँडलवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. पुढच्या पिशवीत उकळून फडक्यात बांधलेल्या कात्र्या, मागे पेट्रोलची बाटली. दिव्याचा उजेड इतका मंद की खड्डा चाकाखाली आल्यावर कळायचा. "भीती नाही वाटायची?" असं कुणीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, "वाटायची की. खरं बंद पडली तरी सायकल होतीच खाली. पोहोचणार हे ठाऊक असायचं." बेळगावकडे 'पण'च्या जागी आम्ही 'खरं' म्हणतो. ते त्यांच्या तोंडून ऐकताना फार गोड वाटलं. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका चाळिशीच्या गृहस्थांनी पुढे होऊन त्यांच्या पाया पडून सांगितलं की मी सुळग्याचा, माझ्या वेळेला तुम्हीच आला होता. त्या दिवशी नियम ठरला. कुणी ठराव मांडला नाही, पण पुढच्या वर्षी आपली मानाची गाडी कोणीही आणली नाही.

खडेबाजारातले कापडवाले काका मर्सिडीजसाठी प्रसिद्ध. त्यांनी चेतक आणली. बजाजने राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलेली ही स्कूटर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून मिळायची. परदेशात कुणी नातेवाईक असला तर परकीय चलनात पैसे भरून लवकर मिळवता यायची. काकांचं तसं कोणी नव्हतं. लग्न ठरताना नंबर लावला आणि गाडी आली तेव्हा मोठी मुलगी बालवाडीत जात होती. पुढे ती उभी, मध्ये काका, मागे धाकट्याला मांडीवर घेऊन आडव्या बसलेल्या काकू. सकाळी लागत नसली की एका अंगाला आडवी करायची, मग किक. मेळ्यात काकांनी ती तशी आडवी केली तेव्हा तिथल्या किमान दहा पुरुषांचे हात नकळत पुढे आले. प्रत्येकाच्या अंगात ती हालचाल मुरलेली होती.

खानापूरकडचे एक जण जोंगा ही लष्करी जीप आणतात. जोंगा हे नाव जबलपूरच्या लष्करी कारखान्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून झालंय, आणि गाडी मुळात निसानच्या 'पॅट्रोल' नावाच्या मॉडेलवरून घेतलेली. बेळगाव हे मराठा लाईट इन्फन्ट्रीचं गाव, त्यामुळे लष्कराच्या लिलावातल्या गाड्यांचं अप्रूप इथे जुनंच. जांबोटीच्या पुढे पावसाळ्यात रस्ता राहत नाही तेव्हा हिने किती ट्रक ओढून काढले याचा हिशोब ते ठेवत नाहीत.

मला सर्वांत जास्त आठवतं ते येळ्ळूरच्या अण्णांचं वर्ष. अण्णांकडे पांढरी अँबॅसिडर आहे, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत ती पुढे असते. त्यांचा इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरही सगळ्यांना ठाऊक. म्हणून अण्णा म्हणाले, ट्रॅक्टरसुद्धा पहिलाच झाला, दुसरी तर बैलगाडी. राजहंसगडाच्या पायथ्यापासून पहाटे चारला निघाले आणि बरोबर वेळेवर गेटातून आत आले. शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळा. एका पोराने उत्साहाने बुलेट चालू केली तसा उजवा बैल बिथरला आणि जू घेऊन एका बाजूला सरकला. अण्णांनी कासरा ओढला नाही. खाली उतरले, त्याच्या वशिंडावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत राहिले. बैल शांत झाला. त्यानंतर तासभर पटांगणात कुणीही कसलंही इंजिन चालू केलं नाही. मेळ्यात इतकी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही.

त्या तासात उद्यमबागेच्या मामांनी पोरांना चाक समजावून सांगितलं. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरची लाकडी कड आणि तिच्यावर लोखंडी धाव. धावेला ना खिळा ना बोल्ट, मग ती निसटत का नाही? मामा म्हणाले, ती मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल केली की ती वाढते, तशीच गरम चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. आकसताना ती सगळे आरे आत दाबून धरते. मग मामा एका पोराला घेऊन शेजारच्या जीपजवळ गेले आणि म्हणाले, "हिच्या फ्लायव्हीलवर स्टार्टरची दातेरी कडी असतीय बघ, ती पण अशीच तापवून बसवलेली असतीय. जीपवाल्यानं सुताराचं बघून केलंय." तो पोरगा पुढे इंजिनिअरिंगला गेला. अजून भेटला की धावेची गोष्ट काढतो.

या मामांविषयी लिहिल्याशिवाय मेळ्याविषयी लिहिलं असं होणार नाही. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ते टर्नर होते. आमच्या गावाला बाहेरचे लोक कुंदा या खव्याच्या मिठाईसाठी ओळखतात, पण फाउंड्री आणि लेथवरही इथली हजारो घरं चालली आहेत. वाळूच्या साच्यात ओतलेलं लोखंड, मशीन केलेले क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिकचे भाग इथून देशभर जातात. म्हणूनच आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्या जिवंत राहिल्या. ज्या कंपन्या बंद पडल्या त्यांचे सुटे भाग कोण देणार? मामांकडे झिजलेला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी, घेऊन जायचं. ते तो बोटांत फिरवायचे, व्हर्निअर लावायचे आणि झिजायच्या आधी तो केवढा असणार ते सांगायचे. ओतकामाचा असेल तर लाकडाचा पॅटर्न भागापेक्षा किंचित मोठा करायचा, कारण धातू थंड होताना आकसतो. किती मोठा, ते धातूवर अवलंबून. हे सगळं त्यांना तोंडपाठ. मामांकडे स्वतःची मोटार कधीच नव्हती. मेळ्याला ते अ‍ॅटलस सायकलवर यायचे, तीच सायकल ज्यावर तीस वर्षं ड्यूटीला गेले. "तुमची पहिली कुठली मामा?" असं विचारलं की म्हणायचे, "हीच पहिली, हीच दुसरी." आम्ही त्यांना अपवाद केलं. खरं म्हणजे तो मेळ्याचा मान होता.

हळूहळू माणसं लांबून यायला लागली. बैलहोंगलहून, गोकाकहून, निपाणीहून, पलीकडे चंदगडहून. बेळगावच्या केए-२२ शेजारी कोल्हापूरची एमएच-०९ आणि त्याच्यापुढे गोव्याची पाटी. गोकाकचे मित्र येताना करदंट ही डिंक-सुक्यामेव्याची मिठाई आणतात, आमच्याकडून त्यांना कुंदा. कन्नडमधून सुरू झालेलं वाक्य कार्बोरेटरपाशी येतं आणि मराठीतून संपतं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. सीमेवरून वर्तमानपत्रांत काहीही छापून आलं, तरी या रविवारी गेटातून आत येणाऱ्या गाडीची पाटी कुणी आधी वाचत नाही. हे मला मनापासून मोलाचं वाटतं. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आली, पुढे त्याचीही चर्चा दोन्ही भाषांत झाली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये आहेत, ते अनेकांना जड वाटतात.

आता माझ्याविषयी. माझ्याकडे दुसरी गाडी नव्हती. होती ती विकलेली. वडील खानापूरच्या शाळेत मास्तर, रोज बेळगावहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर एझडी मोटरसायकलवर जायचे. म्हैसूरच्या कारखान्यातली गाडी, आधी जावा म्हणून निघायची, १९७३ पासून एझडी. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. आणि तिची खरी गंमत म्हणजे किक आणि गियर एकच. लिव्हर आत दाबून मागे फिरवली की किक होते, गाडी लागली की पुन्हा पुढे घेतली की गियर. ताईच्या लग्नात ती गेली. वडील त्याबद्दल कधी बोलले नाहीत. म्हणून नियम आल्यावर मी मेळ्यात चहाची व्यवस्था बघायचो.

माझ्यासारखे आणखीही होते. त्यांच्यासाठी एक वर्ष झाडाखाली टेबल मांडलं, ज्यांची गाडी गेली त्यांनी तिचं उरलेलं काहीही आणून ठेवावं. काय काय आलं! लँब्रेटाचा भोंगा, सायकलचा डायनॅमो, टांग्याची पितळी बत्ती, कुणाच्या वडिलांचा टॅक्सीचालकाचा बिल्ला, घडीवर फाटलेलं आरसी बुक. माणसं तिथे हळू आवाजात बोलत. मी घरी वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी तेलकट कागदात गुंडाळलेली एझडीची कोरी लिव्हर होती. शाळेची सहल म्हैसूरला नेली तेव्हा पोरं राजवाडा बघत असताना वडिलांनी बाजारात जाऊन ती घेतली होती. कागदावर त्यांच्या अक्षरात 'जादा' एवढंच लिहिलेलं. गाडी विकताना ती द्यायची राहिली, की दिली नाही, ते आता विचारता येत नाही.

ती टेबलावर ठेवली आणि वडगावचा एक तरुण तिथून हलेना. एसएस८० मॉडेलची मारुती ८०० जपणारा हा पोरगा. त्याच्या वडिलांची एझडी आहे, तिच्यावर साड्यांचे गठ्ठे बाजारात जायचे. तिच्या लिव्हरचे आतले दाते झिजलेले. किक मारली की लिव्हर शाफ्टवर नुसती घसरायची. वेल्डिंग केलं, तेही तडकलं. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झालेला, तेव्हा गाडी ढकलूनच चालू करायची. त्याने मागितली नाही. नुसता बघत होता.

मामांनी लिव्हर उचलली, दात्यांवरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "ठेवून काय करूलालास रे तेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कागद तेवढा घडी करून खिशात ठेवला. तिथेच पाना आणून मामांनी ती बसवली, बोल्ट आवळला आणि हात पुसले.

त्यानंतर दोन वर्षं कोरोनाने मेळा झाला नाही. आता पुन्हा होतो. मामा थकले आहेत, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून येतात. वडगावचा पोरगा एझडी गेटापर्यंत चालू आणतो, तिथे बंद करतो आणि ढकलत माझ्यापाशी आणून स्टँडला लावतो. काही बोलत नाही. मी चहाची किटली खाली ठेवतो, लिव्हर आत दाबून मागे घेतो. थंडीमुळे पहिली किक वाया जाते, दुसरीही. तिसरीला लागते. मग तीच लिव्हर पुढे घेऊन पहिला टाकतो आणि किल्ल्याच्या बाजूने पटांगणाला एक फेरी मारून येतो.