अर्धी भाकरी आणि ईसीजीची पट्टी

भाकरी थापणं मी तीन वर्षांपूर्वीच सोडलं. मनगटं ऐकत नाहीत, आता सुनेच्या हातची खाते. पण अर्धी खाल्ली की पोट गच्च, आणि रात्री नऊलासुद्धा दुपारच्या आमटीचा ढेकर. घरात सगळ्यांचं निदान एकच, पित्त. मी आमवातासाठी दर सोमवारी घ्यायच्या गोळीवर, मेथोट्रेक्सेटवर, खापर फोडलं, कारण मंगळवार तसाही मळमळण्यात जातो. पोट शनिवारीही तसंच असतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्यात उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. एकदा मोरीचा कठडा धरून खालीच बसले.

नव्या डॉक्टरांनी बोटं नंतर पाहिली. आधी आडवं करून बीपी घेतलं, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. १२८ चं १०४. वरचा आकडा २० नं उतरला तरी त्यांच्या लेखी ते पडणंच. मग ईसीजी लावून पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असं मिनिटभर. पट्टीवरचे ठोके धावदोऱ्यासारखे एकसारख्या अंतरावर. मी म्हटलं, ‘किती नेटकं आलंय!’ ते म्हणाले, ‘काकू, इथं जरा वेडंवाकडंच हवं होतं.’ श्वास घेताना ठोके भरभर, सोडताना सावकाश पडायला हवेत म्हणे.

हे काम व्हेगस नर्व्ह नावाच्या मज्जातंतूचं. मेंदूतून निघून मान, हृदय करत थेट आतड्यांपर्यंत भटकते. नावाचा अर्थही भटकीच. जठराला ‘पुढे ढकल’ तीच सांगते. रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन सुटतं, त्याचा निरोपही काही अंशी तिच्याच वाटेनं वर जातो. आमवातात ही नस ढिली पडू शकते. आणि गंमत म्हणजे सूज आवरण्यातही तिचा हात आहे: २०१६ साली आमवाताच्या १७ जणांच्या मानेत यंत्र बसवून तिला विजेचे हलके झटके दिले, तर रक्तात टीएनएफ हे सूज भडकवणारं प्रथिन बनणं कमी झालं आणि बऱ्याच जणांचे सांधेही हलके झाले. मला कोणी यंत्र बसवणार नाहीये. पण इतकी वर्षं सांधे एका डॉक्टरकडे आणि पोट दुसऱ्याकडे नेत होते, याचा राग मात्र आला.

साखर तपासली, कारण मधुमेहातही असंच होतं. ती ठीक निघाली. बीपीची गोळी त्यांनी निम्मी केली. चक्करेत तिचाही वाटा असेल म्हणाले. उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसायचं. आणि भाकरी चतकोर-चतकोर, दिवसातून चारदा. सून म्हणते, तवा उतरवायला उसंतच नाही.