तीन सिलिंडरची थरथर

निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंची गाडी दोन महिन्यांत दुसऱ्यांदा माझ्या गॅरेजमध्ये आली. तक्रार तीच होती: गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरते आणि वेग वाढला की आरसाही हलतो. पहिल्या खेपेला मी स्कॅनर लावला, त्यात दोष निघाला नाही, तेव्हा ‘तीन सिलिंडरची गाडी आहे, थोडी थरथरणारच’ असे सांगून त्यांना परत पाठवले होते. त्यांनी तेव्हाही सांगितले होते, “अहो, इंजिनकाम करण्याआधी ही अशी नव्हती.” हे वाक्य मी ऐकले, पण विचारात घेतले नाही.

या वेळी पद्धतशीर तपासले. सिलिंडरला ठिणगी पुरवणाऱ्या एकेका कॉइलचे कनेक्शन काढून पाहिले, तर तिन्ही सिलिंडरला आरपीएम (इंजिनाचे फेरे) सारखेच पडत होते. कॉम्प्रेशन सारखे होते, फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते ते रबरी आधारही शाबूत होते. मिसिंग असते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोट चुकत असता, तर रेस दिल्यावर धक्के बरेचसे एकमेकांत मिसळून गेले असते. इथे थरथर रेसबरोबर वाढत होती. मग इंजिनाच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी आळीपाळीने तळहात टेकवला. टोके जोरात हलत होती, मध्यभाग मात्र तुलनेने शांत होता.

तिथेच उत्तर मिळाले. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात दोन पिस्टन वर आणि दोन खाली अशी दोन्ही टोकांना सारखी मांडणी असते, त्यामुळे ते डोलत नाही. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दुप्पट वेगाची बारीक थरथर तेवढी उरते. सरळ सहा सिलिंडरमध्ये हे दोन्ही दोष आपोआप मिटतात. तीन सिलिंडरमध्ये क्रँकचे खांदे 120 अंशांवर असतात, दर 240 अंशांनी एक स्फोट होतो आणि वर-खालीचे जोर एकमेकांना मारतात. पण पहिला आणि तिसरा पिस्टन टोकांना वेगवेगळ्या दिशेने ओढत असल्याने इंजिन तराजूच्या दांडीसारखे डोलते. हे डोलणे मारण्यासाठी या इंजिनात क्रँकच्याच वेगाने, पण उलट दिशेने फिरणारा, वजन असलेला बॅलन्स शाफ्ट बसवलेला होता.

ऑइल चेंबर आणि चेनचे कव्हर उतरवले. क्रँकच्या गिअरवरचा ठिपका आणि शाफ्टच्या गिअरवरचा ठिपका समोरासमोर यायला हवे होते. त्यांच्यात जवळजवळ अर्ध्या फेरीचे अंतर होते. म्हणजे शाफ्टचे जे वजन डोलणे रोखणार, तेच त्यात भर घालत होते. रिंग-पिस्टन बदलणाऱ्याने झडपांची वेळ साधणाऱ्या टायमिंग चेनच्या खुणा अचूक जुळवल्या होत्या, शाफ्टच्या खुणेकडे मात्र पाहिलेच नव्हते. अशा कामाला मी निष्काळजीपणाच म्हणतो, कारण गाडी चालू होते आणि स्कॅनरही काही बोलत नाही.

संध्याकाळी बाईंनी गाडी सुरू केली, स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ तशाच बसल्या आणि मग विचारले, “हे तेव्हाच कळलं नसतं का?”

“कळलं असतं, बाई,” मी म्हणालो. “तेव्हा मी इंजिनाला हात लावूनच पाहिला नव्हता.”